तळटीपेतली सोफी

या कार्यक्रमात आपण शेळीपालन, शिवणकाम, बँकेचे अर्ज असे विषय घेतो. आज मी गणिताच्या इतिहासातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. गणित म्हटल्यावर रेडिओचा आवाज कमी करू नका. मी स्वतः बी.ए. झालेली, गणिताची पदवी माझ्याकडे नाही. पण व्याजाचा हिशोब जिला जमतो तिला आजची गोष्ट समजेल, याची मला खात्री आहे. हातात पाटी-पेन्सिल किंवा वहीचा कागद असला तर बरे.

घराचा पाया आखताना गवंडी काय करतो ते आठवा. कोपऱ्यात खुंटी ठोकतो. एका बाजूला दोरीवर तीन फूट मोजतो, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि दोन्ही टोकांमधले तिरके अंतर बरोबर पाच फूट भरते का ते बघतो. भरले तर कोपरा काटकोनात आला. यामागे साधी बेरीज आहे. तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, म्हणजे पाच पाचे पंचवीस. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग बरोबर पाचचा वर्ग. अशी त्रिकुटे पुष्कळ आहेत. ५, १२, १३ घ्या, नाहीतर ८, १५, १७. ती कधी संपतच नाहीत. आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत वेदी बांधण्यासाठी असेच आकडे दिलेले आहेत.

आता वर्गाऐवजी घन घेऊ. घन म्हणजे तीच संख्या तीनदा गुणायची. लहान लहान ठोकळे रचून सहा लांब, सहा रुंद, सहा उंच असा चौकोनी ढीग केला तर २१६ ठोकळे लागतात. आठाचा ढीग केला तर ५१२. दोन्ही ढीग मोडून त्यांचा मिळून एकच मोठा ढीग होतो का पाहू. २१६ आणि ५१२ मिळून ७२८. नवाच्या ढिगाला लागतात ७२९. एका ठोकळ्याने हुकले! दुसरे आकडे घेऊन बघा, कुठे थोडक्यात हुकेल, कुठे लांब राहील, पण बरोबर कधीच जमणार नाही.

हे कधीच जमणार नाही, असे फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा नावाच्या माणसाने १६३७ च्या सुमारास लिहून ठेवले. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. डायोफँटस या प्राचीन गणितज्ञाचे पुस्तक तो वाचत होता. त्या पुस्तकाच्या समासात त्याने लिहिले, की घनच काय, चौथा घात, पाचवा घात, कोणताही मोठा घात घेतला तरी असे दोन मिळून तिसरा होत नाही. याची सुंदर सिद्धता आपल्याकडे आहे, पण समासात ती मावत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. १६६५ मध्ये तो वारला. १६७० मध्ये त्याच्या मुलाने समासातल्या नोंदींसकट ते पुस्तक छापले, आणि पुढची सव्वातीनशे वर्षे भल्या भल्या गणितज्ञांची झोप उडाली.

फर्माने चौथ्या घाताची सिद्धता तेवढी मागे ठेवली होती. घनाची बाजू अठराव्या शतकात ऑयलरने लावली. पुढे उरले पाच, सात, अकरा, तेरा असे घात. सहाची वेगळी चिंता नाही, कारण सहावा घात हा घनाच्याच पोटात येतो. म्हणून फक्त मूळ संख्यांचे घात तपासायचे. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कशानेच पूर्ण भाग जात नाही अशी. पण अशा मूळ संख्यांना अंत नाही. एकेक घात सोडवत बसले तर जन्म पुरायचे नाहीत. सगळ्या घातांना एकदम हात घालणारी युक्ती पहिल्यांदा ज्या व्यक्तीने काढली, ती होती सोफी जेर्मेन.

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ चा, पॅरिसचा. वडील रेशमाचे व्यापारी. पोटाची चिंता नव्हती आणि पुढेही आयुष्यभर तिला घरच्या पैशाचा आधार राहिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण गरिबाघरच्या किती सोफी चुलीपुढेच संपल्या असतील त्याची कुठे मोजदाद नाही. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा ती १३ वर्षांची होती. रस्त्यावर दंगे, मुलीला बाहेर पाठवायची सोय नाही. घरात वडिलांची पुस्तके होती. त्यांत मोंतुक्ला या लेखकाचा गणिताचा इतिहास तिच्या हाती लागला. त्यात आर्किमिडीजच्या मरणाची हकीकत होती. शत्रूचे सैन्य शहरात घुसले तरी हा म्हातारा आपल्या आकृत्यांत गढलेला, आणि तसाच तो रोमन शिपायाच्या हातून मारला गेला. ज्यापुढे माणसाला मरणाचीही शुद्ध राहत नाही अशी ही विद्या आहे तरी काय, असे त्या पोरीला वाटले, आणि तिने गणिताची पुस्तके उघडली.

घरच्यांना हे पसंत नव्हते. मुलीच्या जातीला गणित कशाला? रात्री ती वाचत बसू नये म्हणून तिच्या खोलीतली शेगडी विझवायचे, मेणबत्त्या काढून घ्यायचे, कपडेसुद्धा उचलून न्यायचे, म्हणजे थंडीने ती अंथरुणातून उठणारच नाही. सोफी मेणबत्त्या लपवून ठेवायची आणि गोधड्या गुंडाळून बसायची. सकाळी पाहावे तर दौतीतली शाई गोठलेली आणि मुलगी मेजावरच झोपलेली. शेवटी घरच्यांनी हात टेकले. पुढे याच वडिलांनी तिला आयुष्यभर सांभाळले, हेही सांगितले पाहिजे.

१७९४ मध्ये पॅरिसमध्ये एकोल पोलितेक्निक ही मोठी शिक्षणसंस्था निघाली. मुलींना तिथे प्रवेश नव्हता. पण शिकवलेल्या पाठांच्या टिपणांच्या वह्या बाहेर मिळत. सोफीने त्या मिळवल्या, घरी बसून अभ्यास केला, आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना लेखी शंका-निरीक्षणे द्यायची पद्धत होती, तिचा फायदा घेऊन आपले लेखन लाग्रांज या थोर गणितज्ञाकडे पाठवले. खाली सही केली मस्य ल ब्लाँ अशी. मस्य म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत. ल ब्लाँ हे तिथल्या एका विद्यार्थ्याचे नाव. लाग्रांजला ते लेखन इतके आवडले की त्याने या श्रीयुतांना भेटायचे ठरवले, आणि समोर आली एक तरुण मुलगी. तो रागावला नाही. उलट तिला उत्तेजनच दिले.

१८०४ मध्ये तिने जर्मनीतल्या गाउसला पत्र लिहिले. गाउसचा संख्यांवरचा ग्रंथ १८०१ मध्ये निघाला होता, आणि तो पूर्ण समजलेली माणसे तेव्हा फार थोडी होती. सोफीला तो समजला होता. पत्रात तिने फर्माच्या कोड्यावरचे आपले विचारही मांडले. सही पुन्हा ल ब्लाँची. गाउसने कौतुकाने उत्तर दिले. मग १८०६ मध्ये नेपोलियनचे सैन्य गाउसच्या ब्राउन्श्वाइग शहरात शिरले. सोफीला आर्किमिडीजची आठवण झाली असणार. फ्रेंच सैन्यातला जनरल पेर्नेती हा घरोब्यातला होता, त्याला तिने निरोप धाडला, की गाउसच्या जिवाला धक्का लागू देऊ नका. जनरलने आपला अधिकारी गाउसकडे पाठवला. त्याने सोफी जेर्मेनचे नाव सांगितले, आणि गाउस म्हणाला की या नावाच्या कोणा बाईला मी ओळखत नाही. मग १८०७ मध्ये सोफीला पत्राने खरे नाव कळवावे लागले.

गाउसने त्यावर पाठवलेले पत्र आजही उपलब्ध आहे. रूढी आणि पूर्वग्रहांमुळे बाईला या विद्येत पुरुषापेक्षा कितीतरी जास्त अडथळे असतात, ते ओलांडून जी इथवर पोहोचली तिच्याकडे मोठे धैर्य आणि असामान्य बुद्धी असलीच पाहिजे, असा त्याचा आशय. चांगले पत्र आहे. पण लवकरच गाउस दुसऱ्या शहरी गेला, खगोलशास्त्रात गुंतला आणि त्याची पत्रे थांबली. घरी बसून शिकणाऱ्या बाईला एक माणूस पत्र लिहायचे थांबवतो तेव्हा तिची अर्धी शाळाच बंद होते.

मधली काही वर्षे सोफीने वेगळ्या विषयात घातली. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला की वाळूच्या नक्ष्या उठतात. त्या का उठतात याचे गणित मांडणाऱ्याला विज्ञान संस्थेने बक्षीस लावले होते. तिने तीनदा प्रयत्न केला आणि १८१६ मध्ये ते जिंकले. समारंभाला मात्र ती गेली नाही. हा विषय मोठा आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

आता पाटी हातात घ्या. सोफीची युक्ती मी सांगते.

आज सोमवार आहे असे धरा. शंभर दिवसांनी कोणता वार येईल? बोटे मोजत कोणी बसत नाही. शंभराला सातने भागायचे, बाकी दोन उरते, म्हणून सोमवारपासून दोन वार पुढे, बुधवार. किती आठवडे गेले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, फक्त बाकी बघायची. मोठमोठ्या संख्यांचे वजन काढून टाकून फक्त बाकी ठेवणे, हीच या युक्तीची चावी आहे.

आता एक ते सहा यांचे घन करा आणि प्रत्येकाला सातने भागून बाकी लिहा. एकचा घन एक, बाकी १. दोनचा आठ, बाकी १. तीनचा सत्तावीस, बाकी ६. चारचा चौसष्ट, बाकी १. पाचचा एकशे पंचवीस, बाकी ६. सहाचा दोनशे सोळा, बाकी ६. सातचा घन केला तर बाकी शून्य, आणि आठापासून पुन्हा तेच चक्र. म्हणजे जगातला कोणताही घन घ्या, कितीही मोठा, सातने भागल्यावर त्याची बाकी ०, १ किंवा ६ एवढीच. दोन, तीन, चार, पाच या बाक्या घनाला येतच नाहीत.

समजा, फर्मा चुकला होता आणि दोन घन मिळून तिसरा घन होणारे एखादे त्रिकुट कुठेतरी आहे. तिघांपैकी कोणालाच सातने भाग जात नसेल तर प्रत्येकाची बाकी १ किंवा ६ असणार. पहिल्या दोघांच्या बाक्या मिळवून बघा. १ आणि १ दोन. १ आणि ६ सात, म्हणजे बाकी शून्य. ६ आणि ६ बारा, म्हणजे बाकी पाच. तिसऱ्याची बाकी १ किंवा ६ यायला हवी होती, ती एकदाही आली नाही. म्हणजे असे त्रिकुट असलेच तर त्यातल्या एकाला तरी सातने भाग गेलाच पाहिजे. सात हा सावकार तिघांपैकी कोणाच्या तरी खात्यावर बसणारच.

तेराने हेच करून बघा. घनांच्या बाक्या शून्याशिवाय १, ५, ८ आणि १२ एवढ्याच येतात, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन मिळवल्या तरी त्याच यादीतली बाकी मिळत नाही. म्हणून तेराही कोणाच्या तरी खात्यावर बसतो. सोफीची मोठी योजना अशी होती, की एखाद्या घातासाठी असे सावकार संपतच नाहीत असे दाखवता आले तर काम झाले. कारण कोणतीही संख्या घ्या, तिला भाग जाणाऱ्या मूळ संख्या मोजक्याच असतात. तीन संख्यांच्या खात्यावर अगणित सावकार मावणार कसे? मग असे त्रिकुट असूच शकत नाही.

ही नजर त्या काळी नवीन होती. बाकीचे एकेका घाताशी झटत होते, आणि ही बाई सगळ्या घातांना लागू पडेल असे एकच हत्यार घडवत होती.

१२ मे १८१९ रोजी तिने ही योजना गाउसला सविस्तर लिहून कळवली. दहा वर्षांहून जास्त काळ दोघांचा पत्रव्यवहार बंद होता. तरी मधल्या सगळ्या वर्षांत संख्यांचा विचार आपण सोडला नव्हता, असे तिने लिहिले. त्या पत्राला गाउसचे उत्तर सापडलेले नाही.

योजना शेवटाला गेली नाही. एकोणीस घ्या. एकचा घन एक. चारचा घन चौसष्ट, एकोणीसने भागल्यावर बाकी ७. दोनचा घन आठ, बाकी ८. सात आणि एक आठ. इथे बेरीज जमून गेली, म्हणजे एकोणीस सावकार होऊ शकत नाही. घनासाठी ७ आणि १३ सोडून दुसरा सावकारच नाही, हे खुद्द सोफीनेच सिद्ध करून लेजांद्र या गणितज्ञाला कळवले. दुसऱ्या कोणी खोट काढायच्या आधी आपल्या योजनेची मर्यादा तिने स्वतः मांडली, हे मला तिच्या हुशारीइतकेच मोठे वाटते. प्रत्येक घाताचे सावकार कुठेतरी संपतातच, हे पुढे १९०९ मध्ये डिक्सनने दाखवले.

पण योजनेतून जे हाती आले तेही थोडे नव्हते. अमुक दोन अटी पाळणारा एक जरी सावकार सापडला, तर त्रिकुटातल्या एका संख्येला त्या घातांकानेच भाग गेला पाहिजे, असे तिने सिद्ध केले. म्हणजे घात पाचचा असेल तर तिघांतल्या एकाला पाचने भाग जायलाच हवा. ज्या त्रिकुटात कोणालाच पाचने भाग जात नाही, अशी सगळी एका फटक्यात बाद. असा सावकार शोधायचाही सोपा मार्ग होता. घातांकाची दुप्पट करून एक मिळवायचा. पाचची दुप्पट दहा आणि एक अकरा, अकरा ही मूळ संख्या, काम झाले. सातला हे जमत नाही, कारण पंधरा मूळ नाही. मग चौपट करून एक मिळवायचा, एकोणतीस, जमले. असे करत करत तिने शंभराच्या आतल्या सगळ्या विषम मूळ घातांसाठी सावकार शोधून काढले. ते घात चोवीस आहेत. दोनशे वर्षांत जिथे एकेक घात सुटत होता तिथे एका बाईने चोवीस घातांचे निम्मे कोडे एकदम बाजूला काढले. दुप्पट अधिक एक केल्यावर पुन्हा मूळ संख्या देणाऱ्या २, ३, ५, ११, २३, २९ अशा मूळ संख्यांना आजही सोफी जेर्मेन मूळ संख्या म्हणतात. त्या अगणित आहेत की कुठेतरी थांबतात, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही.

हे जगाला कळले कसे? सोफीने ते छापले नाही. लेजांद्रने १८२० च्या दशकात फर्माच्या कोड्यावर प्रबंध छापला, त्यात तिचा सिद्धांत घातला, आणि तो सोफीचा आहे हे एका तळटीपेत नोंदवले. लेजांद्रने चोरी केली असे मी म्हणणार नाही. त्याने नाव दिले, त्या काळात तेही सगळ्यांनी दिले नसते. पण गटाच्या सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या बायांना ठाऊक आहे, की कागदावर जेवढे लिहिले तेवढेच पुढच्या वर्षी उरते. सूचक कोण, अनुमोदक कोण हे नीट लिहिले नाही तर ठराव उरतो आणि बाई जाते. तळटीप एका सिद्धांताची होती. सोफीची मोठी योजना, तिच्या रीती, तिने शोधलेले सावकार, यांचा त्यात पत्ताच नव्हता. म्हणून पुढे पावणेदोनशे वर्षे लोक समजत राहिले, की जेर्मेनबाईंचे काम तळटीपेएवढेच आणि बाकी सगळे लेजांद्रचे. १८२५ मध्ये पाचव्या घाताचे उरलेले निम्मे कोडे विशीतला डिरिश्ले आणि सत्तरी ओलांडलेला लेजांद्र यांनी मिळून संपवले, १८३९ मध्ये लामेने सातवा घात सोडवला. त्यांची नावे इतिहासाच्या मुख्य मजकुरात गेली.

२७ जून १८३१ रोजी स्तनाच्या कर्करोगाने सोफी गेली. वय ५५. मृत्यूच्या सरकारी दाखल्यावर व्यवसायाच्या जागी गणितज्ञ असे लिहिलेले नाही, मालमत्तेच्या उत्पन्नावर राहणारी बाई अशा अर्थाचा शब्द आहे. त्याच १८३१ सालच्या जानेवारीत इकडे नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला होता.

तिची बरीच कागदपत्रे लिब्री नावाच्या तिच्या गणितज्ञ मित्राकडे गेली. हा लिब्री विद्वान खरा, पण ग्रंथालयांतली दुर्मीळ पुस्तके पळवण्यासाठी पुढे बदनाम झाला आणि १८४८ मध्ये फ्रान्स सोडून पळाला. सोफीचे कागद असे फाटाफूट होऊन काही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तर काही इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये पोहोचले. तिथे ते पडून राहिले. आपल्या काळात आंद्रेआ देल चेंतिना, तसेच रेनहार्ड लाउबेनबाखर आणि डेव्हिड पेंगली या अभ्यासकांनी ते हस्ताक्षर वाचून काढले. २०१० पर्यंत त्यांचे लेख छापून आले तेव्हा उलगडा झाला, की तळटीपेमागे केवढी मोठी योजना होती, आणि लेजांद्रच्या नावावर जमा असलेल्या कितीतरी गोष्टी सोफीने स्वतंत्रपणे, आपल्याच रीतीने केलेल्या होत्या.

फर्माचे मूळ कोडे १९९४ मध्ये सुटले. अँड्र्यू वाइल्स या इंग्रज गणितज्ञाने ते अगदी वेगळ्या वाटेने सोडवले. १९९३ मध्ये त्याने सिद्धता जाहीर केली, तिच्यात खोट निघाली, वर्षभर झटून रिचर्ड टेलरच्या मदतीने त्याने ती भरून काढली, आणि १९९५ मध्ये ती छापली गेली. मग सोफीची युक्ती जुनी झाली का? नाही झाली.

फर्माच्या कोड्यात तिन्ही ठिकाणी घात एकच असतो. गणितज्ञांनी विचारले, की तिन्ही घात वेगवेगळे ठेवले तर? मग उत्तरे सापडतात. दोनचा घन आठ, त्यात एक मिळवला की नऊ, तो तीनचा वर्ग. दोनचा पाचवा घात बत्तीस, सातचा वर्ग एकोणपन्नास, दोन्ही मिळून एक्याऐंशी, तो तीनचा चौथा घात. सातचा घन ३४३, तेराचा वर्ग १६९, मिळून ५१२, तो दोनचा नववा घात. घातांक फार लहान नसतील आणि तिन्ही संख्यांत सामाईक भाजक नसेल, तर आजवर फक्त अशी दहा उत्तरे माहीत आहेत. त्या दहांतल्या प्रत्येकात एक तरी घात वर्गाचा आहे. तिन्ही घात तीन किंवा त्याहून मोठे, आणि सामाईक भाजकही नाही, असे एकही उत्तर कोणाला मिळालेले नाही. सामाईक भाजक चालत असेल तर सोपे आहे, आठ आणि आठ सोळा, म्हणजे दोनचा घन अधिक दोनचा घन बरोबर दोनचा चौथा घात. भाजकाशिवायचे उत्तर एकतर शोधून दाखवा नाहीतर ते नाहीच असे सिद्ध करा, असे म्हणून अमेरिकेतले बँकर अँड्र्यू बील यांनी १९९७ मध्ये बक्षीस लावले. २०१३ पासून ते दहा लाख डॉलर आहे. अजून कोणी नेलेले नाही.

या नव्या कोड्यांवर काम करताना १९९८ मध्ये अलँ क्राउस या फ्रेंच गणितज्ञाने दोन घन मिळून एखादा मोठा मूळ घात होतो का ते तपासले. वाइल्सच्या वाटेवरची आधुनिक हत्यारे त्याने घेतलीच, पण जोडीला प्रत्येक घातासाठी एक मदतनीस मूळ संख्या शोधली. ती कशी? घातांकाला कशाने तरी गुणून एक मिळवायचा आणि बाक्या तपासायच्या. १७ पासून १०,००० पर्यंतचे सगळे मूळ घात त्याने असे बाद केले. गोधडी गुंडाळून शिकलेल्या त्या मुलीची रीत संगणकावर चालली.

मागच्या भाषणानंतर काही जणींनी मुलांसाठी घरचा अभ्यास मागितला होता, तो देते. एक ते नऊ यांचे घन काढा, प्रत्येकाला नऊने भागा आणि बाक्या लिहा. किती तऱ्हेच्या बाक्या येतात? त्यांतल्या शून्य नसलेल्या बाक्या दोन-दोन मिळवून बघा. मग दोन घन मिळून तिसरा घन होत असेल तर तिघांपैकी एकाला कोणत्या संख्येने भाग गेलाच पाहिजे, ते ओळखा. उत्तर कार्डावर लिहून केंद्रावर पाठवा, आणि जिने काढले तिचे पूर्ण नाव त्यावर लिहा.